रंगमंच-व्यवस्थापकाने आपली कोणती कामे सांगावीत?

नटाचे काम प्रेक्षक पाहतात, गायकाचे ऐकतात, आणि नेपथ्यकाराचे काम पडदा बाजूला होताच डोळ्यांत भरते. रंगमंच-व्यवस्थापकाचे काम मात्र असे विलक्षण आहे की, ते उत्तम झाले म्हणजे कोणाच्याही लक्षात येत नाही. दुसऱ्या अंकात टेबलावर जे पत्र हवे असते ते तेथे असते, दार उघडावयाच्या क्षणीच ते उघडते, अंधार व्हावयाचा तेव्हाच होतो, आणि नाटक आपोआप चालले आहे अशी प्रेक्षकांची समजूत होते. पत्र जागेवर नसले, नट खिसे चाचपू लागला, म्हणजे मात्र शेवटच्या रांगेतल्या मुलालाही कळते. ज्याचे यश कोणाला दिसत नाही आणि चूक तेवढी सर्वांना दिसते, अशा माणसाने नव्या ठिकाणी काम मागावयास जाताना आपल्याविषयी काय सांगावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

नट आपली छायाचित्रे दाखवू शकतो, परीक्षणाचे कात्रण जोडू शकतो, प्रसंगी चार वाक्ये तेथल्या तेथे म्हणून दाखवू शकतो. व्यवस्थापकापाशी यांपैकी काहीच नसते. त्याच्यापाशी असते ती एक यादी: अमुक नाटक, अमुक संस्था, अमुक साल. हल्ली ज्याला बायोडेटा म्हणतात त्या कागदावरची ही यादी वाचणारा मनुष्य दोनचार मिनिटांत वाचून बाजूला ठेवतो, आणि तेवढ्यावरच उमेदवाराची पारख होते. साहजिकच यादी जितकी लांब तितके वजन अधिक, असे उमेदवाराला वाटू लागते. लहानसहान जे जे केले, जेथे जेथे उभे राहिलो, ते सारे तो कागदावर उतरवतो, आणि जे एकदोन प्रयोग त्याने खरोखर आपल्या खांद्यावर वाहिलेले असतात, ते त्या गर्दीत हरवून जातात.

तेव्हा आधी कामाचे स्वरूप पाहिले पाहिजे. रंगमंच-व्यवस्थापक तालमीच्या पहिल्या दिवसापासून हजर असतो. तालमीचे वेळापत्रक, नटांची हजेरी, दिग्दर्शकाने ठरवलेल्या हालचालींची संहितेच्या प्रतीत पेन्सिलीने केलेली नोंद, प्रॉपर्टीची यादी, रंगीत तालमीत निश्चित झालेले प्रकाशाचे आणि ध्वनीचे इशारे, हे सर्व त्याच्या वहीत येते. प्रयोगाच्या दिवशी तो सर्वांच्या आधी येतो. तिन्ही घंटा त्याच्या हुकमाने होतात. पडदा पडल्यावर वस्तू मोजून पेटीत ठेवणारा आणि पेटीला कुलूप लावणाराही तोच. पहिला प्रयोग झाला की दिग्दर्शकाचे काम बहुतांशी संपते. त्यानंतरचे पन्नास किंवा शंभर प्रयोग पहिल्यासारखेच व्हावेत, ही जबाबदारी विंगेत उभ्या असलेल्या या माणसाची असते. नाटक त्याच्या ताब्यात दिलेली ठेव असते, असे म्हटले तरी चालेल.

पाश्चात्त्य देशांत हा स्वतंत्र व्यवसाय मानला जातो. अमेरिकेत १९१३ साली नटांची जी संघटना स्थापन झाली, तिचे सभासद रंगमंच-व्यवस्थापकही असतात. त्याच वर्षी आपल्याकडे गंधर्व नाटक मंडळी निघाली. पण आपल्या मंडळ्यांची घडण निराळी होती. नाटक मंडळी हे एक फिरते बिऱ्हाड असे. त्या बिऱ्हाडाचा जो व्यवस्थापक, तो प्रामुख्याने नाटकगृहाचे भाडे, रेल्वेचा प्रवास, जेवणखाण, पगार आणि उत्पन्न पाहणारा. किर्लोस्कर मंडळीचे शंकरराव मुजुमदार हे अशा कर्तबगार व्यवस्थापकांपैकी एक. पडदे रंगवलेले असत आणि ते गुंडाळत वर जात. बाग गेली की राजवाडा आला. पडदा ओढणारे गडी आपले काम बिनचूक करीत, परंतु त्यांच्या कामाला निराळे नाव किंवा हुद्दा फारसा नसे. १९३३ साली नाट्यमन्वंतर या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले. असे वास्तववादी नाटक आले म्हणजे रंगमंचावर खऱ्या भिंती, खरी दारे आणि खरे सामान येते. रंगवलेल्या पडद्यावरचे टेबल कधी जागा चुकत नाही. खरे टेबल चुकते. विंगेतल्या माणसाचे काम त्या दिवसांपासून वाढत गेले.

हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे की, मराठी रंगभूमीवर ‘व्यवस्थापक’ हा शब्द आजही दोन अर्थांनी चालतो. व्यावसायिक नाटकाच्या जाहिरातीत ‘सूत्रधार’ म्हणून ज्याचे नाव छापलेले असते, तो संहितेतला नांदीनंतर येणारा सूत्रधार नव्हे. तारखा, दौरे, हिशेब सांभाळणारा तो मनुष्य असतो. आणि हौशी संस्थेच्या पत्रिकेत ‘रंगमंच व्यवस्था’ या शब्दांपुढे आठदहा नावे एका ओळीत असतात. त्यांतल्या एकाने सारा प्रयोग चालवलेला असतो, दोघांनी खुर्च्या उचललेल्या असतात, आणि उरलेल्यांनी वर्गणी दिलेली असते! पत्रिकेतली ही ओळ जशीच्या तशी बायोडेटात उतरवली तर वाचणाऱ्याला काहीच बोध होत नाही. प्रत्येक नोंदीपुढे आपण नेमके काय केले, हे चारपाच शब्दांत लिहावे लागते. आणि ते लिहू लागले म्हणजेच कोणती नोंद ठेवावी आणि कोणती काढावी, याचा उलगडा होऊ लागतो.

हा उलगडा कसा होतो हे पाहण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. भैंसा हे गाव अनेकांना नकाशावर शोधावे लागेल. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मुधोळ तालुक्यातला हा भाग नांदेड जिल्ह्यात होता. मग तो आदिलाबाद जिल्ह्यात गेला, आणि ११ ऑक्टोबर २०१६ पासून भैंसा हे तेलंगणातील निर्मळ जिल्ह्यात आहे. गावाने जागा सोडली नाही, जिल्हे मात्र बदलले. बासरचे सरस्वतीचे मंदिर जवळ, कापसाची मोठी बाजारपेठ, आणि रस्त्यावर मराठी, तेलुगू, उर्दू या तिन्ही भाषा कानांवर पडतात. कल्याणहून परभणी, नांदेड, भोकर असा येणारा राष्ट्रीय महामार्ग भैंसावरून पुढे निर्मळला जातो. म्हणजे मुंबईच्या नाटकाकडे जाणारा रस्ता येथूनच आहे, फक्त तो फार लांबचा आहे.

या गावातला एक पंचविशीचा तरुण डोळ्यांसमोर आणावा. नांदेडला महाविद्यालयात असताना त्याला रंगमंचाचा नाद लागला, आणि आता त्याला एखाद्या व्यावसायिक नाट्यसंस्थेत रंगमंच-व्यवस्थापकाच्या हाताखाली काम हवे आहे. त्याने मोठ्या उत्साहाने यादी केली आहे. एकोणीस नोंदी झाल्या आहेत. सर्वांत वर त्याने एका नामांकित व्यावसायिक नाटकाचे नाव घातले आहे आणि पुढे ‘सहायक रंगमंच-व्यवस्थापक’ असे लिहिले आहे. त्याखाली एक महानाट्य, त्याखाली स्पर्धेतील नाटके आणि युवक महोत्सवातील एकांकिका, मग निर्मळ येथील एक तेलुगू नाटक, शाळेच्या स्नेहसंमेलनातील तीन नाटुकली, नाताळच्या नाटकातला पडदा, दोन सभांचे ध्वनिक्षेपक आणि एका लग्नाचा मांडव. गावच्या गणेशोत्सवात सलग दोन वर्षे त्याने उभी केलेली दोन तीन-अंकी नाटके मात्र यादीत नाहीत. कागद घेऊन तो आपल्या शाळेतल्या निवृत्त मराठीच्या गुरुजींकडे जातो.

“गणपतीतली नाटकं कुठं गेली रे?” गुरुजी विचारतात.

“सर, ती लिहिली तर मुंबईचे लोक हसतील.”

“हसू देत. दुसऱ्या वर्षी ऐन अंकात वीज गेली, तेव्हा प्रयोग कुणी थांबवला आणि पुन्हा कुठून सुरू करायचा हे कुणी ठरवलं?”

“मीच, सर.”

“आणि या वरच्या मोठ्या नाटकात काय केलंस?”

“ट्रक उतरवायला होतो. इस्त्रीचे कपडे आत नेऊन दिले.”

“मग सहायक व्यवस्थापक कोण होता?”

तरुण गप्प बसतो, कारण सहायक व्यवस्थापक कोण होता हे त्याला ठाऊकच नसते.

हा तरुण खोटारडा आहे असे कोणी म्हणू नये. नाटकाचा ट्रक नांदेडच्या नाट्यगृहापाशी उभा राहिला, मदतीला हात हवे होते, याने ते दिले, आणि त्या रात्री विंगेजवळ उभे राहून जे पाहिले ते त्याला जन्मभर पुरेल. परंतु पाहिलेले आणि केलेले यांत अंतर आहे. मराठी व्यावसायिक रंगभूमी फार मोठी नाही. विंगेत काम करणारे बहुधा एकमेकांना ओळखतात. “अमुक नाटकात तुम्ही सहायक होता, तर दुसऱ्या अंकातल्या अंधाराचा इशारा कोणत्या वाक्यावर होता?” एवढा एकच प्रश्न कोणी विचारला की एकोणीसच्या एकोणीस नोंदी संशयित होतात. खऱ्या अठरा नोंदींना त्या एका नोंदीची किंमत मोजावी लागते. म्हणून पहिली कसोटी ही की, ज्या प्रयोगासंबंधी कोणीही कोणताही प्रश्न विचारला तरी पंधरा मिनिटे बोलता येईल, तीच नोंद ठेवावी.

महानाट्याची नोंद याच कसोटीवर तपासावी. बाबासाहेब पुरंदरे यांच्या ‘जाणता राजा’ने हत्ती, घोडे आणि शेकडो माणसे रंगमंचावर आणली. ज्या गावी प्रयोग त्या गावचे तरुण गर्दीच्या प्रसंगांसाठी घ्यावयाचे, ही त्या प्रकाराची रीत. अशा प्रयोगात मावळा म्हणून धावलेला मुलगा ‘जाणता राजात काम केले’ असे म्हणू शकतो, आणि ते खरेही असते. पण ते नटाचे काम झाले. त्याच प्रयोगात एखाद्याने पन्नास स्थानिक मुलांची हजेरी ठेवली असेल, त्यांना वेळेवर पोशाख चढवून योग्य बाजूच्या विंगेत आणून उभे केले असेल, तर ते व्यवस्थापन आहे, आणि ती नोंद मोठ्या दिमाखाने लिहावी: ‘पन्नास स्थानिक कलावंतांचे प्रवेशनियंत्रण, चार प्रयोग.’ यात नाटकाच्या कीर्तीपेक्षा पन्नास हा आकडा अधिक बोलका आहे. अभिनयाच्या नोंदी ठेवावयाच्याच असतील तर खाली एका ओळीत, वेगळ्या मथळ्याखाली ठेवाव्यात. नटाला काय लागते हे ठाऊक असलेला व्यवस्थापक कोणालाही आवडतो, परंतु व्यवस्थापकाच्या जागेसाठी आलेला उमेदवार मनातून नट आहे अशी शंका आली तर तो कोणालाच नको असतो.

नाटकाचे नुसते नाव लिहिण्यातही एक धोका आहे, आणि तो आपल्याकडे विशेष आहे. गाजलेले मराठी नाटक कोणा एका संस्थेचे राहत नाही. आचार्य अत्र्यांचे ‘तो मी नव्हेच’ १९६२ साली आले. प्रभाकर पणशीकरांच्या पाच भूमिका आणि फिरता रंगमंच यांमुळे ते घरोघर पोहोचले. ‘नटसम्राट’ १९७० साली गोवा हिंदु असोसिएशनने आणले आणि डॉ. श्रीराम लागूंनी गाजवले. त्यानंतर ही नाटके हौशी मंडळींनी किती गावांत केली याची गणती नाही. भैंसा येथल्या मंडळाने गणेशोत्सवात ‘तो मी नव्हेच’ केले असे समजू. कागदावर केवळ ‘तो मी नव्हेच’ एवढेच लिहिले तर वाचणाऱ्याचे मन क्षणभर पणशीकरांकडे जाते, आणि पुढच्याच क्षणी फसवले गेल्याचा राग येतो. संस्थेचे नाव, गाव आणि साल लिहिले की तोच कागद प्रामाणिक होतो.

आणि त्यात लपवावयाचे तरी काय आहे? मूळ प्रयोगाला फिरता रंगमंच होता. गणपतीच्या मांडवात तो नसतो; असतात दोन सरकते फ्लॅट, एक मागचा पडदा आणि उसने आणलेले दिवे. एकच नट पाच वेगवेगळ्या माणसांच्या रूपाने यावयाचा, प्रत्येक वेळी त्याचा पोशाख आणि रंगभूषा बदलावयाची, स्थळे बदलावयाची, आणि प्रेक्षकांत चुळबुळ होऊ द्यावयाची नाही. ज्याला कोणी फिरता रंगमंच देत नाही, त्याला प्रत्येक मिनिटाची आखणी स्वतः करावी लागते. मुंबईतल्या जाणत्या माणसाच्या हे ताबडतोब लक्षात येते. तो हसेल अशी जी भीती आहे, ती प्रायः लहान गावातून येणाऱ्याच्या मनातच असते. ‘उघडा मांडव, अकरा पात्रे, पाच पोशाखबदल, पूर्ण जबाबदारी’ या चार गोष्टी वाचून हसणारा मनुष्य नाटकातला नसावा.

वीज गेल्याची हकीकत कागदावर लिहू नये. ती मुलाखतीसाठी राखावी. कागदावर नोंद असते, गोष्ट नसते. पण नोंद असल्याशिवाय गोष्ट विचारली जात नाही, हेही तितकेच खरे.

निर्मळच्या तेलुगू नाटकाविषयी त्या तरुणाचा गोंधळ आहे. मराठी संस्थेकडे अर्ज करावयाचा तर तेलुगू नाटक कशाला, असे त्याला वाटते. वस्तुतः ही त्याच्या यादीतली दुर्मीळ नोंद आहे. प्रयोग चालवणाऱ्याला संवाद कानाने धरावे लागतात. कोणत्या शब्दावर दिवा बदलावयाचा हे त्याला झोपेतही ठाऊक असावे लागते. ज्याने मराठी आणि तेलुगू या दोन भाषांत इशारे दिले आहेत, त्याचा कान तयार आहे हे निराळे सांगावे लागत नाही. सीमेवरच्या गावात जन्मलेल्यांना हा गुण बाजारातच मिळतो, म्हणून त्यांना त्याची किंमत कळत नाही. हैदराबाद विद्यापीठाच्या नाट्यकला विभागाकडे अर्ज करावयाचा असेल, तर हीच नोंद सर्वांत वर न्यावी.

तेलुगू रंगभूमीचा विषय निघालाच आहे तर ‘सुरभी’चा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. १८८५ साली सुरू झालेली ही कुटुंबांची नाटक परंपरा आजही टिकून आहे. आकाशातून उतरणारी पात्रे, रंगमंचावर पडणारा पाऊस, डोळ्यांदेखत घडणारे चमत्कार हे त्यांचे वैशिष्ट्य. प्रेक्षक मायाबाजारात रमलेला असतो, आणि वर दोर धरणाऱ्या माणसाला मात्र आपल्या हातातले वजन आणि खालच्या नटाचा जीव यांशिवाय दुसरे काही सुचत नसते. अशा मंडळीत कोणी एक महिना जरी दोरावर काम केले असेल, तर त्याने ती एक नोंद शाळेच्या दहा नोंदींऐवजी द्यावी. मात्र प्रयोग नुसता पाहून ‘निरीक्षण’ या मथळ्याखाली तो लिहिणारेही आढळतात. नाटक पाहणे ही चांगली गोष्ट आहे. तो अनुभव म्हणून मोजावयाचा तर सारा महाराष्ट्रच व्यवस्थापक ठरेल!

आता फसलेल्या नाटकांचे काय? उमेदवार ती बहुधा गाळतो. स्पर्धेत बक्षीस मिळाले नाही, दुसरा प्रयोग झाला नाही, परीक्षकांनी संहितेवर ताशेरे मारले, म्हणून तो त्या नाटकाचे नाव घ्यावयास लाजतो. परंतु संहिता व्यवस्थापकाने लिहिलेली नसते. नाटक कोसळत असतानाही ज्याच्या घंटा वेळेवर झाल्या आणि ज्याने वस्तू जागेवर ठेवल्या, त्याने आपले काम केलेच आहे. ती नोंद निःशंकपणे ठेवावी. ज्या नाटकातून तो मध्येच बाहेर पडला त्याची गोष्ट निराळी. तेथे ‘तालमी आणि पहिले तीन प्रयोग’ असे स्पष्ट लिहावे, अथवा ती नोंद घेऊच नये. का सोडले याचे स्पष्टीकरण कागदावर देत बसू नये, आणि त्या संस्थेची निंदा तर मुळीच करू नये. प्रयोगात अपघात होऊन कोणी जखमी झाले असेल आणि चूक व्यवस्थापनाची असेल, तर मात्र ती नोंद ठेवणाऱ्याने प्रश्नाला खरे उत्तर देण्याची तयारी ठेवूनच ती ठेवावी. या कामात नटांच्या अंगावर पडणाऱ्या फ्लॅटचा आणि उघड्या राहिलेल्या विजेच्या तारेचाही हिशेब असतो, ही गोष्ट मंडपातल्या नाटकांवर वाढलेली मंडळी कधी कधी विसरतात.

शाळेतली नाटुकली आणि नाताळचा पडदा यांचा मोह सोडणे सर्वांत कठीण, कारण आठवणी तेथेच गुंतलेल्या असतात. नियम असा काही नाही. पण पाचसहा स्वतंत्र जबाबदारीची कामे जमली की बालपणीच्या नोंदींनी जागा सोडावी. ज्याच्यापाशी त्याच आहेत त्याने त्या अवश्य द्याव्यात, त्यात कमीपणा नाही. सभांचे ध्वनिक्षेपक आणि लग्नाचा मांडव यांना नाटकांच्या रांगेत बसवू नये. ‘इतर कौशल्ये’ म्हणून शेवटी एक ओळ पुरे: ध्वनियंत्रणेची जुळणी, विजेच्या जोडणीची प्राथमिक माहिती, मालवाहू गाडी चालवण्याचा परवाना. दौऱ्यावर जाणाऱ्या नाटकाला या शेवटच्या गोष्टीचा जितका उपयोग होतो, तितका पुष्कळशा पदव्यांचाही होत नाही.

एकच कागद सगळीकडे पाठवण्याची सवयही सोडावी लागते. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची नाट्यकला अकादमी, दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय, येथे शिकावयास जाणाऱ्याने विविधता दाखवावी: एक नाटक भरगच्च नेपथ्याचे, एक संगीताचे, एक समूहाचे. या समूहाच्या प्रकाराला कमी लेखू नये. थिएटर अकादमीने ‘घाशीराम कोतवाल’ १९८० साली युरोपात नेले. त्या नाटकात माणसांचाच पडदा उभा राहतो. जेथे सामान थोडे आणि माणसे पुष्कळ, तेथे टेबलखुर्ची मोजणारा व्यवस्थापक उपयोगी नाही; ताल आणि पावले मोजणारा लागतो. उलट व्यावसायिक संस्थेला विविधतेचे तेवढे कौतुक नसते. एकच नाटक सलग किती प्रयोग सांभाळले, किती गावी मांडले आणि उतरवले, नाट्यगृह ताब्यात आल्यापासून किती वेळात पहिली घंटा देता येते, हे तिला पाहावयाचे असते. म्हणून तेथे पाठवावयाच्या कागदावर सहा नाटकांचे सहा प्रयोग असण्यापेक्षा एका नाटकाचे बारा प्रयोग वर असावेत. नोंदी त्याच राहतात; त्यांचा क्रम बदलतो, आणि प्रसंगी एकदोन गळतात.

शेवटी उरतो तो साक्षीदारांचा प्रश्न. व्यवस्थापकाच्या कामाला प्रेक्षक साक्षी नसतात. साक्षी असतो तो दिग्दर्शक आणि क्वचित प्रकाशयोजनाकार. त्यांपैकी दोघांची नावे आणि दूरध्वनी क्रमांक कागदाच्या तळाशी द्यावेत, आणि देण्यापूर्वी त्यांना विचारावे. गुरुजींनी त्या तरुणाच्या एकोणीस नोंदींपैकी बारा खोडल्या आणि दोन नव्याने घातल्या. वरच्या मोठ्या नाटकाच्या व्यवस्थापकाचे नाव साक्षीदार म्हणून द्यावे, असे त्या तरुणाला अजूनही वाटत होते. त्याऐवजी गुरुजींनी गणेशोत्सवातील नाटक बसवणाऱ्या गृहस्थांचे नाव सुचवले. हे गृहस्थ दिवसा कापसाच्या अडतीवर हिशेब लिहितात, आणि फोन आला तर पेन खाली ठेवून, तिसऱ्या अंकाच्या मध्यावर दिवे गेले तेव्हा काय काय घडले, ते पहिल्यापासून सांगतात.